धुऱ्याच्या कडेची गल्ली

आमच्या घरात तलम कापडाला कधी तोटा पडला नाही, कारण वडील नगरपालिकेत नकाशे काढत असत. या दोन गोष्टींचा संबंध सांगायला हवा. त्या काळी मूळ नकाशा उतरवून घ्यायला खळ दिलेलं, निळसर, आरपार दिसणारं कापड येई. त्यावर रेघ चुकली किंवा शाई सांडली की तुकडा बाद. असे बाद तुकडे वडील वरिष्ठांना विचारून घरी आणत. आई ते सोड्याच्या पाण्यात उकळी, खळ निघून जाई आणि हाती येई ते इतकं मऊ सुती कापड, की आमच्या पुऱ्यातल्या पाटलाच्या सुनेलाही तसं मिळत नसे. माझी झबली, पोलकी, रुमाल सगळं त्याचंच. एका रुमालाच्या कोपऱ्यातला सर्व्हे नंबर कितीही धुतला तरी गेला नाही. वर्गातल्या मुलींच्या रुमालांवर गुलाब असायचे, माझ्या रुमालावर कोणाची तरी जमीन होती.

गावाचं नाव लिहीत नाही. यवतमाळहून वणीकडे जाताना लागणाऱ्या गावांपैकी ते एक, एवढं पुरे. नाव लिहिलं तर या पुस्तकाचं प्रकाशन कोणाच्या हस्ते व्हावं यावरून तिथे दोन गट पडतील आणि तिसरा गट हार घेऊन माझ्या दारात येईल. वडिलांचं नाव नारायण, पण सगळं गाव त्यांना नकाशेबाबू म्हणे. त्यांना दोन गोष्टींचा अभिमान होता: अक्षराचा आणि शुद्धलेखनाचा. अक्षर खरोखरच छापल्यासारखं होतं. शुद्धलेखनाचा जाच मात्र आम्हाला. ‘मले भूक लागली’ असं म्हटलं तर भूक लागलेलीच नाही असं ते धरून चालत. ‘मला’ म्हटल्यावर ताट पुढे येई. आई मारेगावकडच्या शेतकऱ्याची लेक. तिनं जन्मात कधी ‘मला’ म्हटलं नाही आणि ती कधी उपाशीही राहिली नाही, कारण भाकरी तीच थापायची.

मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी बसले होते तो उन्हाळा. अंगणात बाजेवर पापड, सरकी आणि मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या आणि त्यांची राखण माझ्याकडे होती. चुलीवर अंबाडीच्या भाजीचा गंज रटरटत असे, तिचा आंबूस वास आणि लाल मिरच्यांचा ठसका एकमेकांत मिसळून दुपारी घरभर फिरे. आणि या सगळ्याच्या मागे, ताल धरल्यासारखा, सत्तारचाचांचा हातोडा. त्यांचा लोहारखाना आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता. बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. गोवऱ्यांचं रिंगण पेटवून त्यात धाव लाल करायची, चार जणांनी चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची आणि वरून भराभर पाणी ओतायचं. पाण्याचा तो चर्रर्र आवाज आला की आई म्हणायची, “घ्या, चाचाचं चाक झालं, आता भाकरी खाऊन घ्या.” घरात घड्याळ होतं, पण जेवण त्या आवाजावर चाले.

लोहारखान्यापाशी आमची गल्ली वळायची. बाजाराकडून ती सरळ यायची, चाचांच्या दारात आली की हाताचा कोपर वाकवावा तशी डावीकडे वाकायची आणि सात घरांसमोरून जाऊन पुढे शेतांत निघायची. म्हणून तिचं नाव कोपराची गल्ली. ती अशी का वाकते हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नाक मध्यभागी का असतं हेही मी कोणाला विचारलं नव्हतं. पुढे आयुष्यभर मी हाच प्रश्न विचारण्याचा पगार घेतला. शहरं अशीच का वाढतात, रस्ता इथेच का मुरडतो, बाजार तिथेच का बसतो, हे मी नागपूरला मुलांना शिकवलं. त्या विषयावरच्या परिषदांना मी गेले आहे, समयांना वाती लावल्या आहेत, शाली आणि नारळ घेतले आहेत. तिथे माणसं जे तासभर सांगतात त्याचं सार इतकंच, की गावातली घरं पडतात, मालक बदलतात, धंदे बुडतात, पण जमिनीवर एकदा पडलेली हद्दीची रेघ सहसा हलत नाही. हे मला पुस्तकाच्या आधी एका सुतळीनं आणि एका खाटेनं शिकवलं.

त्या उन्हाळ्यात गावाचा विकास करायचं ठरलं. नगररचनेचे एक साहेब जीपनं आले. चेहरा तरुण, बोलणं मवाळ, पुण्याकडचे. त्यांच्या स्वागताला नगराध्यक्षांनी बँडवाले बोलावले होते आणि बँडवाल्यांना लग्नाखेरीज दुसरी गाणी येत नसल्यामुळे साहेब जीपमधून नवरदेवासारखे उतरले. पाच हार, तीन भाषणं आणि एक सरबत झाल्यावर त्यांनी भिंतीवर आराखडा लावला. बाजारापासून नव्या बसस्टँडपर्यंत एक रुंद, सरळ रस्ता त्यावर लाल रंगात होता. ती रेघ कोपराची गल्ली सरळ करत नेमकी लोहारखान्यातून जात होती. सभेनं टाळ्या वाजवल्या. चाचांनीही वाजवल्या, कारण ते मागे बसले होते आणि त्यांना नकाशा दिसत नव्हता.

आठवड्यानं त्यांना नोटीस आली. लोहारखाना आणि त्याला जोडून असलेलं घर सार्वजनिक रस्त्यावरचं अतिक्रमण आहे, पंधरा दिवसांत खाली करावं, हरकत असल्यास त्याआधी सुनावणीला हजर राहावं, बदली जागा मिळणार नाही. पुरावा म्हणून गावाच्या जुन्या पाहणीतलं एक वाक्य दिलेलं होतं: ‘लोहारखान्याच्या धुराच्या त्रासामुळे वाट फिरते.’ म्हणजे वाट आधी सरळ होती, धुराला कंटाळून लोक बाजूनं जाऊ लागले आणि मोकळ्या पडलेल्या वाटेवर लोहारानं हातपाय पसरले, असा त्याचा अर्थ साहेबांनी लावला होता. वाक्याखाली लिहिलं होतं, ‘नक्कल तयार करणार: ना. ग. ढवळे.’ ते आमचे वडील. जीर्ण झालेल्या जुन्या कागदांच्या स्वच्छ नकला करण्याचं काम त्यांनी दोन वर्षं मन लावून केलं होतं.

चाचा नोटीस घेऊन दुपारीच आमच्याकडे आले. ओसरीवर टेकले, आईनं दिलेलं पाणी प्यायले आणि कागद वडिलांसमोर धरला. “नकाशेबाबू, हे तुमचंच अक्षर हाय ना जी?”

“माझंच आहे.”

“म्या गावभर सांगत असतो, असं अक्षर जिल्ह्यात नाई म्हून. आता त्याच अक्षरानं माहं घर चाललं.” ते हसले, पण कागद धरलेला हात खाली आला नाही. “एक सांगा, माह्या भट्टीचा धूर त वर जाते. मंग रस्ता कायले वाकडा होईन?”

वडील म्हणाले, “सत्तारभाई, मी मनानं काही लिहीत नाही. मूळ कागदात जे आहे ते लिहिलं.”

“माहा आजा तिथंच लोखंड ठोकत होता. तो कोनाच्या वाटेवर बसला असन, हे काई माह्या गळ्याखाली उतरत नाई. पन कागद म्हनते, त काय करू?”

चाचा गेले. आईनं भाजी निवडायला घेतली. वडील चष्मा पुसत बसले आणि मग कचेरीत गेले. मला चाचांचा प्रश्न सोडत नव्हता. धूर वर जातो, रस्ता कशाला वाकडा होईल? वडिलांनी कसरीनं खाल्लेलं मूळ बाड शिवून घ्यायला घरी आणलं होतं. ते फडताळातच होतं. मी ते बाजेवर उलगडलं. पानं शोधायला वेळ लागला, पण वाक्य सापडलं. बोरूनं लिहिलेलं, जाड, बेढब अक्षर होतं, पण अगदी स्पष्ट: ‘लोहारखान्याजवळील धुऱ्यामुळे वाट फिरते.’ त्यात ‘त्रास’ हा शब्द कुठेच नव्हता.

मी ते मोठ्यानं वाचलं. आईनं मान वर न करता म्हटलं, “मंग? धुऱ्यामुळंच त फिरते. वाट काय धुऱ्यावरून जाते काय? धुऱ्याच्या कडेनं जाते.”

धुरा. आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. माझे दोन्ही मामा त्यावरून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. वडिलांनाही हा शब्द चांगला माहीत होता. पण लोहार म्हटल्यावर त्यांना धूरच दिसला. मग ‘धुऱ्यामुळे’ हे त्यांना कोणा अडाणी कारकुनाचं अशुद्ध लेखन वाटलं. त्यांनी त्याचं ‘धुरामुळे’ केलं, वाक्य नीट बसेना म्हणून ‘जवळील’ काढलं आणि अर्थ स्पष्ट व्हावा म्हणून ‘त्रास’ घातला. हे सगळं त्यांनी सद्भावनेनं केलं होतं. शुद्धलेखनाच्या सद्भावनेनं माणसाचं घर जाऊ शकतं हे मी त्या बाजेवर बसून शिकले.

पण नुसत्या शब्दावर साहेब ऐकणार नाहीत एवढं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुतळीचा गुंडा घेऊन चाचांकडे गेले आणि म्हटलं, धुरा अजून जमिनीत असेल तर आपण शोधू. त्यांनी भट्टी झाकली आणि सुतळीचं टोक लोहारखान्याच्या दर्शनी भिंतीच्या पायाशी धरलं. मी गुंडा उलगडत सात घरांसमोरून चालत गेले. एक डोळा मिटून चाचांनी सुतळीवरून नजर टाकली. “बेटी, चाकात तांदळाएवढा फरक पडला ना, त चाक बोलते. हे भितं बी बोलून राह्यले पाय.” लोहारखान्याची भिंत आणि त्या सातही घरांच्या दर्शनी भिंती एका सुतळीला टेकल्या होत्या. शेवटचं घर संपलं, सुतळीही संपली. चाचांनी कमरेचा गमचा सोडला, तोही जोडला. पुढे शेत होतं आणि त्यात पळसाची आणि बोरीची रांग असलेला धुरा नेमका आमच्या सुतळीच्या रेषेत निघून पार नाल्यापर्यंत गेला होता.

मग घरांच्या आतून मोजायचं होतं, कारण भिंत धुऱ्यावर बांधली असेल तर खोल्या तिरप्या असणार. तिसऱ्या घरात गोदाबाई राहायच्या. त्यांना मी काय करते आहे ते सांगितलं तर त्यांनी मला हाताला धरून आत नेलं. “हे खाट पाय. माहं लगन झालं तवापासून हे भितीले लागली नाई. डोक्याकडून टेकते, पायाकडून हातभर सुटते. सासू म्हने, सून तिरपी हाय. म्या म्हनो, भित तिरपी हाय. मोज वं बाई, आज सोक्षमोक्ष होऊ दे.” मी मोजलं. भिंत तिरपी होती. गोदाबाईंनी तसबिरीतल्या सासूकडे पाहून हात जोडले, ते नमस्कारासाठी नव्हते. सातही घरांत तेच निघालं. बाजूच्या भिंती एकमेकींना धरून सरळ, पण समोरची भिंत सगळ्यांची एकाच कलानं तिरकी. जुन्या शेताचे तुकडे पाडून ही घरं झाली होती, आणि समोरून त्यांना धुऱ्यानं कापलं होतं. वाट त्या शेताच्या कोपऱ्याला वळसा घालत होती. लोहारखाना होता शेताच्या आत, कोपऱ्यात. तो वाटेवर कधीच नव्हता.

मी एका बाद कापडाच्या कोऱ्या बाजूवर नकाशा काढला. दोन दिवस लागले. आईनं त्या दोन दिवसांत पापडांची राखण स्वतः केली आणि मला एकदाही हाक मारली नाही. आमच्या घरात याहून मोठी मदत कोणी कोणाला केलेली मला आठवत नाही.

नकाशा वडिलांना दाखवणं मात्र माझ्याच्यानं होईना. शेवटी ते जेवायला बसले असताना मी बाड आणि नकाशा त्यांच्या पाटाशेजारी ठेवला आणि बोट फक्त ‘धुऱ्यामुळे’वर ठेवलं. त्यांनी हात धुतले, भिंग आणलं, शब्द पाहिला. मग नकाशा पाहिला, सात घरं, सुतळीची रेघ, पळसाची रांग. अर्धी भाकरी ताटात तशीच होती. ते म्हणाले, “नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नाहीस.” आणि कचेरीत निघून गेले.

आई म्हणाली, “अवो पोरी, रडतं कायले? दाखव ना मंग उत्तर.” मी डोळे पुसून उत्तर दिशेचा बाण काढला. पण ते उद्याच्या सुनावणीत बोलतील की गप्प राहतील, हे त्या बाणावरून कळण्यासारखं नव्हतं. गप्प राहिले असते तर त्यांना कोणी काही म्हणू शकलं नसतं. मूळ बाड त्यांच्याच ताब्यात होतं. आणि जिल्ह्यात नाव असलेल्या माणसाला आपली नक्कल चुकीची आहे हे भरसभेत सांगायला काय लागतं, ते मला आता, त्यांच्या वयाची होऊन पंचवीस वर्षं लोटल्यावर, अधिक कळतं. मी स्वतः छापील पुस्तकातल्या माझ्या चुका दुसऱ्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त केल्या आहेत.

सुनावणीला चाचांनी मला सोबत नेलं. दारात शिपायानं हटकलं तर म्हणाले, “माहा वकील हाय.” आत टेबलामागे साहेब आणि नगराध्यक्ष, भिंतीपाशी फायली घेऊन वडील आणि बाकांवर गावातली माणसं. साहेबांनी नोटीस वाचली आणि चाचांना काही सांगायचं आहे का विचारलं. चाचा उठायच्या आत वडील पुढे आले.

“साहेब, ही नक्कल माझ्या हातची आहे आणि ती चुकीची आहे. मूळ कागदात ‘धुऱ्यामुळे’ आहे. मी ते अशुद्ध समजून ‘धुरामुळे’ केलं आणि ‘त्रास’ हा शब्द पदरचा घातला. मूळ लिहिणारा बरोबर होता. मी चुकलो.”

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, जणू दुसऱ्या कोणाच्या नकलेबद्दल सांगत आहेत.  साहेब गोंधळले. “धुरा म्हणजे? धुरा सांभाळणे, जबाबदारी, तेच ना?”

सभागृह हसलं. नगराध्यक्ष शेतकरी माणूस. ते म्हणाले, “साहेब, आमच्याकडं धुरा कोनी सांभाळत नाई. धुऱ्यावरून डोकी फोडतात. शेताचा बांध हो.”

साहेबही हसले, आणि इथे त्यांचं श्रेय त्यांना द्यायला हवं. बांध आहे हे दाखवा म्हणाले. मी नकाशा टेबलावर पसरला. सगळं सांगितलं. ते ऐकून साहेब हार-बँडाशिवाय, पायी, उन्हात आमच्यासोबत कोपराच्या गल्लीत आले. सुतळी पुन्हा धरली गेली, या वेळी एक टोक साहेबांच्या हातात. गोदाबाईंनी त्यांना आग्रहानं खाटेवर बसवलं आणि पायाकडची फट दाखवली. साहेबांनी त्या फटीत हात घालून पाहिला. शेतातल्या धुऱ्यावर जाऊन ते बराच वेळ उभे राहिले, मग मागे वळून सगळी गल्ली एकदा नजरेत घेतली.

“म्हणजे वाट शेताला मान देऊन वळली,” ते म्हणाले.

“मान कायचा, साहेब,” चाचा म्हणाले, “आत गाडी घातली असती त शेतवाल्यानं बैल सोडून घेतले असते.”

नोटीस त्याच दिवशी रद्द झाली आणि लाल रेघ लोहारखान्याच्या बाहेरून, गल्लीच्या वळणानं काढायचं ठरलं. परवा मोबाइलवर आमचं गाव आकाशातून पाहिलं. रस्ता आता सिमेंटचा आहे, शेतांच्या जागी घरं आहेत, पळस कधीच गेले. लोहारखान्यात चाचांच्या नातवाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. पण रस्ता तिथे वळतोच, आणि पुढच्या नव्या वस्तीच्या भिंतींची रांगही नाल्यापर्यंत त्याच तिरक्या रेषेत गेली आहे. त्या वस्तीतही खाटा भिंतीला लागत नसणार.

राहिली होती ती नकलेची दुरुस्ती. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला कचेरीत बोलावलं. टेबलावर त्यांची सुंदर नक्कल उघडी होती. त्यांनी तांबड्या शाईनं ‘च्या धुराच्या त्रासामुळे’ हे शब्द एका सरळ रेघेनं खोडले, वर ‘जवळील धुऱ्यामुळे’ लिहिलं आणि वही माझ्याकडे वळवली. समासात नेहमीचा शिक्का होता: ‘दुरुस्ती करणाराची सही’.

“इथं तुमची लागते ना, बाबा?” मी विचारलं. “मी तर नोकरीत नाही.”

“मी फक्त शाई लावली,” ते म्हणाले. “दुरुस्ती तू केलीस. कोणी विचारलं तर मी उत्तर देईन. पूर्ण नाव लिही, आणि नीट अक्षरात.”

सरकारी कागदावरची माझी ती पहिली सही. सावकाश लिहिलं: विमल नारायण ढवळे. मधलं नाव लिहिताना वडील वाकून पाहत होते. आमच्याकडे बोलताना शेवटच्या ‘ण’चा ‘न’ होतो, पण मी ‘ण’च लिहिला होता. त्यांनी टीपकागद घेतला आणि सही ओली असतानाच, ती फिसकटू नये म्हणून, तिच्यावर स्वतःच्या हातानं अलगद दाबून धरला.